खेळातला हात

पाचव्या टप्प्यावर सगळं ऑफिस हसायला लागलं, तेव्हा मला बरंच वाटलं. चार महिने मी त्या हशासाठीच राबले होते. वेबसाइट बनवताना अंध, बहिऱ्या, थरथरत्या हातांच्या माणसांचाही विचार करा, असं कर्मचाऱ्यांना नुसतं सांगितलं तर ते जांभया देतात. म्हणून मी त्या प्रशिक्षणाचा ऑनलाइन खेळच करून टाकला होता. पाचव्या टप्प्यात पडद्यावरचा माऊसचा बाण थरथरतो. त्या बाणाने इवलंसं बटण दाबून पेन्शनचा अर्ज पाठवायचा. तीनदा चुकलं की खेळ सांगतो, आता बटण मोठं करून बघा. मोठं केलं की थरथरत्या हातालाही जमतं. एवढंच शिकवायचं होतं.

"सकाळ सकाळीच दारू टाकून आलाय की ह्यो," एक क्लार्क बाणाकडे बघून म्हणाला आणि हॉल पुन्हा हसला. शेवटच्या खुर्चीवर बसलेले आप्पाही हसले.

आप्पा म्हणजे माझे वडील, हुपरीचे आकाराम. चाळीस वर्षं त्यांनी घरातल्या पाटावर बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडल्या. कडी तांदळाहून बारीक, पण जोड शोधून सापडायचा नाही. एखादा पैंजण मनासारखा उतरला नाही, तर व्यापारी दारात ताटकळत असला तरी आप्पा तो वितळवून टाकायचे. तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुटला आणि काम सुटलं. त्या दिवशी त्यांना कोल्हापुरात डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून आधी माझ्याबरोबर आणलं होतं. लेकीचं काम बघायची त्यांना हौसही होती.

बाणाची थरथर मी मनाने रचली नव्हती. रचून पाहिली होती, पण ती खोटी वाटत होती. म्हणून उन्हाळ्यात आप्पांच्या हातात माऊस दिला, जरा ह्या रेघेवरून फिरवा म्हटलं, आणि त्यांचा हात जसाच्या तसा लॅपटॉपवर उतरवून घेतला. कशासाठी ते सांगितलं नाही. सांगितलं तर नाही म्हणतील, अशी भीती होती. मोठी शहाणी मी.

हसता हसता आप्पा थांबले. त्यांचा हात दोनदा डावीकडे उसळतो, जरा थबकतो, मग खाली ओढला जातो. पडद्यावरचा बाण तेच करत होता. जन्मभर त्या हाताकडे बघत बसलेला माणूस तो ओळखणारच. आप्पांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत काढला नाही.

साहेब खूश होते. पाचवा टप्पा फार रंगला, पुढच्या आठवड्यात सगळ्या शाखांना पाठवू म्हणाले.

डॉक्टरांना दाखवून आम्ही हुपरीच्या गाडीत बसलो. खिडकीबाहेर बघत आप्पा म्हणाले, "तेजू, त्यो माझाच हात हाय न्हवं?"

मी हो म्हटलं आणि मला रडूच आलं. मी चुकले, तो टप्पा काढून टाकते, असं मी म्हटलं.

"काढू नगंस. माणसं शिकत्यात न्हवं त्यातनं." मग म्हणाले, "फकस्त आदी सांगायचं हुतंस. जरा नीट चालवला असता. खराब माल आपल्या घरातनं कधी भाईर गेला न्हवता."

घरी आल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही. हात धुतले, चष्मा लावला आणि लॅपटॉपपुढे बसून पुन्हा घे म्हणाले. डाव्या हाताने उजवं मनगट आवळून त्यांनी माऊस सरकवायला सुरुवात केली. वीतभर रेघ होती. ती संपेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला. हात उन्हाळ्यापेक्षा जास्त थरथरत होता. मला पडद्यावर ते दिसत होतं.

"आता?" त्यांनी विचारलं.

चांगला आलाय, असं मी सांगितलं.

"खोटं बोलू नगंस," आप्पा म्हणाले. "पुन्यांदा लाव."

मी बाण रेघेच्या सुरुवातीला आणून ठेवला.