कांडी सरलेला धोटा

मित्रांनो, मी उधन्याच्या लूमखात्यातला, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यातला, एक जुना धोटा आहे. अंग लाकडाचं, टोकं लोखंडी, पोटात धाग्याची कांडी. मागावर इकडून तिकडे पळत कापड विणायचं, हा माझा धंदा. एकदा तर मी असा सुटलो, की शहराच्या दुसऱ्या टोकाला, पर्वत पाटिया वस्तीत जाऊन, एक साडी विणून जेवणाच्या सुट्टीआधी परत! हसू नका. शेठही हसला होता.

माझे कारागीर सुकदेवबा खानदेशातले. माझ्या डोळ्याला, म्हणजे धागा बाहेर निघायच्या भोकाला, ओठ लावून ते धागा सुर्रकन ओढायचे. मला वाटे, पापाच घेतला! थकून घरी बसले, तेव्हा मलाही खिशात घालून घेऊन आले.

शहाण्णव साली त्यांचं बिनसलं. नावं विसरू लागले. उगाच रडत. संध्याकाळी सातला, पाळी बदलायच्या वेळी, दाराशी येरझारा घालत आणि मला आपटत. "कांडी सरनी! कोनी चोरी?" बोट सुनेकडे, हर्षदाकडे.

मुलगा वाल्मिक कावला. "बा मुद्दाम करस! सोमवारे गावले सोडी येस."

गावी होतं कोण? बंद घर! मी खिशात तळमळलो, पण धोट्याचं कोण ऐकतं?

"आधी डॉक्टरले तर दखाडा," हर्षदा म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "हा अल्झायमर. यात स्मृती जाते, आणि मेंदूतलं सेरोटोनिनही कमी पडतं. एका पेशीचा निरोप दुसरीला नेणारं रसायन आहे ते. मन थाऱ्यावर राहायला लागतं. उदासी, चिडचिड, संशय यामागे त्याचाही हात असतो. हा हट्ट नाही, आजार आहे. गोळीने मन थोडं सावरेल कदाचित. आठवणी परत येणार नाहीत."

इकडून तिकडे निरोप नेणारं? अरे, हे तर माझंच भावंड!

घरी हर्षदाने मला उलटंपालटं केलं. "अहो, येनाम्हा कांडीच नही! बा खरंच सांगतस."

वाल्मिक उठला. चपला घालून खात्यात गेला आणि भरलेली कांडी घेऊन आला. सातला सुकदेवबांनी माझ्या डोळ्याला ओठ लावले. सुर्र! मग मुलाकडे निरखून पाहिलं.

"तू कोनता पाळीना?"

वाल्मिक त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. "दिवसपाळीना, बा."

"मंग चाल ना. उभा का?"

सोमवार आला नि गेला. येरझारा काही थांबल्या नाहीत. फक्त आता त्या बापलेक दोघांच्या झाल्या.

मित्रांनो, घरचं म्हातारं माणूस चिडलं, तर ओरडण्याआधी कांडी बघा. बाकी माझ्या थापा असतील. ही एवढी गोष्ट मी तसूभरही वाढवलेली नाही.