दोरावरचा हात

"धनेशा, हेंचो वाटो खंय?"

विमलाने विचारले तेव्हा तोंडवलीच्या वाळूवर बांगड्यांचे ढीग लावून झाले होते. रापणीचे जाळे ओढायला जितके हात दोराला लागतील तितके वाटे, ही पिढ्यांची रीत. म्हातारा नुसता दोर धरून उभा राहिला तरी त्याचा वाटा कोणी मोडत नसे. शिवाय एक देवाचा. २००६ च्या त्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याचा, भाईंचा ढीग पहिल्यांदाच पडला नाही.

"काकी, रागाव नको. आमी सगळ्यांनी ठरवला," वाटे घालणारा धनेश म्हणाला. "भाईंका आता काय कळता? काल दोर घेवन उलटे पाण्यात चलले. माणसां हसतत."

"हसतत? तुका दोर धरूक कोणी शिकवल्यानी रे? तुज्या बापाशीन?"

धनेशच्या मागून रापणीतलाच सुदेश बोलला, "पूर्वीसारखी मासळी खंय गावता, काकी? ट्रॉलरवाले खरवडून नेतत. भाईंचो वाटो देवळाच्या सभामंडपाक लावलो. देवाचाच काम."

"देवाक एक होतो, तो पुरो नाय झालो? त्येका काय दात फुटले बांगडे चावूक?"

कोणीतरी फिसकन हसले. विमलाचे टाळके आणखी सणकले. ट्रॉलर दिसला की शेपूट घालायची आणि डोक्यातले सगळे ज्याच्या हातून निसटले त्याच्यापुढे मर्दुमकी गाजवायची! भाईंना लेकीचे नाव आठवत नव्हते. बायकोलाही ते कधीकधी 'आये' म्हणून हाक मारत. पण पहाटे रापणीची हाक ऐकली की उठत, किनाऱ्यावर येत, दोर कमरेशी घेऊन टाचा वाळूत रोवत. देव विसरले, घर विसरले, तेवढे विसरले नाहीत. ह्याला भक्ती म्हणायचे नाही, आणि सभामंडपाच्या गुळगुळीत फरशीला म्हणायचे?

धनेशने खाली मान घालून पिशवीभर बांगडे पुढे केले. "ह्ये घे. असेच घेवन जा. आमी काय तुमकां उपाशी ठेवतलंव?"

"असेच? भीक घालतंस? मोठ्यान म्हण, सगळ्यांका ऐकाक येव दे. 'ह्यो भाईंचो वाटो' म्हण. मगे एक बांगडो दिलंस तरी घेतंय."

धनेशने सुदेशकडे पाहिले. सुदेशने समुद्राकडे.

विमलाने पिशवी देवाच्या ढिगावर उपडी केली. "त्येकाच घाला. तुमचो देव लय भुकेलो दिसता."

भाई गोळा केलेल्या जाळ्यापाशी सैल दोर ओढत उभे होते. तिने त्यांची बोटे एकेक करून सोडवली.

"चला. झाला ओढून."

"गावली गो मासळी?"

"गावली."

"वाटे सारके घातल्यानी?"

विमलाने क्षणभर मागे पाहिले. "घातल्यानी," ती म्हणाली.

दुपारी तिने नुसता भात आणि कुळथाची पिठी वाढली. भाई हळूहळू जेवले. मग एक घास त्यांनी बोटांनी चिवडला, पुन्हा पुन्हा चाचपला, आणि जपून तिच्या ताटात ठेवला.

"काटे काढलंय," ते म्हणाले. "खा."

विमलाने तो खाल्ला.