झोपमोड

माझी मुलगी रडत नाही, याचं सगळ्यांना भारी कौतुक होतं. बघायला येणारी प्रत्येक बाई पाळण्यात डोकवायची, "नशीब काढलंस बाई" म्हणायची आणि मग खुर्चीत टेकून स्वतःच्या पोरांनी कसं रात्र रात्र जागवलं त्याचं रडगाणं सुरू करायची. मी मान डोलवायचे. आतून मला त्या बायकांचा इतका हेवा वाटायचा की त्यांना चहासुद्धा विचारावासा वाटायचा नाही. त्यांच्या पोरांनी त्यांना हाका मारून मारून दमवलं होतं. माझ्या पोरीला मी आहे याचाच पत्ता नव्हता.

छाती भरून दगड व्हायची, गाऊनवर ओले डाग पडायचे आणि ही आपली गाढ झोपलेली. मी तिला छातीशी धरायचे. ती दोन-तीनदा तोंड हलवायची, ओठांवरून दूध ओघळायचं आणि मान कलायची. मग मी तिला परत गुंडाळून ठेवायचे आणि बाथरूममध्ये जाऊन छाती पिळून मोकळी करायचे. तिच्यासाठी आलेलं दूध मोरीत जाताना बघून मला रडू यायचं. तेही आवाज न करता, कारण घर झोपलेलं असायचं.

आमच्या घराचं हे जरा समजावून सांगायला हवं. माझं सासर बेकरीवाल्यांचं. खाली भट्टी आणि दुकान, वर आम्ही. सासरे आणि माझा नवरा संध्याकाळी खाली उतरतात, रात्रभर पाव भाजतात. सकाळी दुकान सासूबाई बघतात. दुपारी माल संपला की शटर खाली आणि सगळं घर आडवं. दुपार म्हणजे आमच्याकडे मध्यरात्र. जाड पडदे, बिजागऱ्यांना तेल, दाराला बेल नाही. चमचा बशीला लागता कामा नये. सासरे तसे देवमाणूस, पण त्यांची झोपमोड करणाऱ्याला ते आठवडाभर नुसते बघतात, बोलत नाहीत. माझ्या माहेरी खाली पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना होता. आम्ही सगळी भावंडं ओरडूनच बोलायचो, "मीठ दे" हेसुद्धा भांडल्यासारखं. लग्नानंतर पहिले काही महिने मला परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखं वाटायचं. मग अंगवळणी पडलं. शिंक आली तरी मी उशीत शिंकायला शिकले.

तर अशा घरात न रडणारं बाळ आलं, म्हणजे काय विचारता. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, शहाणी आहे, पोटातूनच घराचं वळण घेऊन आलीय.

बाळंतिणीला आमच्याकडे मागची खोली देतात. भट्टीचं धुराडं त्या खोलीच्या भिंतीतून वर जातं, त्यामुळे ती भिंत बारा महिने गरम असते. खाली त्याच भिंतीच्या पायथ्याशी पीठ फुगायला ठेवतात, मोठ्या टोपांमध्ये, वर ओलं फडकं टाकून. त्या फडक्याला हात लावायचा नाही हा सासऱ्यांचा कायदा. उघडून बघितलं की पीठ बसतं, म्हणतात. माझा नवरा आणि दोन्ही नणंदा वर त्याच भिंतीशी मोठ्या झाल्या. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी थट्टेत म्हटलं, बाळ फुगायला ठेवलंय, कोणी फडकं उचलू नका. थट्टा तिथंच राहिली असती तर बरं झालं असतं. पण त्या घरात कुणाला ती थट्टा वाटलीच नाही. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, टोपडं घातलेलं, गरम भिंतीशी सरकवलेलं बाळ निपचित झोपलं होतं आणि सगळे समाधानानं दार लोटून घेत होते. मी दुपट्याचं टोक धरून बसायचे. वर उचलायची इच्छा व्हायची आणि हात थांबायचा.

मग आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या. ऐन दुपारी, बूट वाजवत, जिन्याच्या प्रत्येक पायरीला कळेल अशा. सासूबाई तोंडावर बोट ठेवून पुढे धावल्या, पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी दुपटं सोडलं, टोपडं काढलं, कपडे काढले. इतकी उघडी केली तरी माझ्या लेकीनं हूं का चूं केलं नाही. सोबत आणलेल्या वजनाच्या गार काट्यावर ठेवलं तेव्हा एक भुवई तेवढी वर गेली. नर्सबाईंनी काट्याकडे बघितलं, काटा हलवून परत बघितलं.

"पाजता कधी?" त्यांनी विचारलं.

"मागेल तेव्हा," मी म्हणाले. मला तसंच सांगितलं होतं सगळ्यांनी.

"आणि मागते का ती?"

 त्यांनी माझ्या गाऊनवरच्या डागांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ही झोप चांगली झोप नाही, म्हणाल्या. दूध पोटात जात नाही म्हणून अंगात बळ नाही, बळ नाही म्हणून जाग येत नाही, जाग नाही म्हणून दूध नाही. त्यात जन्मल्यावर डॉक्टरांनी किरकोळ म्हणून सोडून दिलेली कावीळ, तीही गुंगी आणते. नव्या बाळाचं वजन आधी थोडं उतरतंच, पण हिचं फार उतरलं होतं. परवा परत वजन करायचं. वाढलं नाही तर दवाखान्यात भरती, नाकातून नळी, आणि तिथल्या वॉर्डात आईला ठरलेल्या वेळीच आत सोडतात.

हे सगळं सांगताना त्यांचा हात सहज भिंतीला लागला आणि त्यांनी तो चटकन उचलला. भिंत गरम का आहे, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं, पिठाच्या टोपांसकट. नर्सबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हिला आजच्या आज इथून हलवा. एवढ्या उबेत मीसुद्धा झोपेन. तुमच्या मुलांचं निभावलं, कारण ती गळा काढून मागणारी असतील.

मग त्यांनी मला शिकवलं. नुसत्या लंगोटावर ठेवायचं, आपल्या उघड्या अंगाशी धरायचं, वरून हलकं पांघरूण. डोळ्यांवर दिवा मारायचा नाही, उजेडानं ती डोळे आणखी मिटून घेईल. पापण्या फडफडल्या, ओठ चुळबुळले की ती वेळ साधायची, पण कितीही गाढ असली तरी दोन-अडीच तासांवर जाऊ द्यायचं नाही. तळवे चोळायचे, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवायचं, ओल्या कापडानं पाय पुसायचे. ओढणं थांबलं की छाती हलकेच दाबायची, म्हणजे दुधाची धार तोंडात जाते आणि तिला गिळावं लागतं. तरी झोपली तर उभी धरून ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, दुसऱ्या बाजूला घ्यायचं. उरलेलं दूध पिळून चमच्यानं. "आणि बोला तिच्याशी," जाता जाता म्हणाल्या.

आम्ही पुढच्या खोलीत आलो. ती रस्त्यावरची. दुपारी तिथं कोणी झोपत नाही, कारण खालून हॉर्न, सायकलची घंटी, शेजारच्या गॅरेजमधली ठोकाठोक, सगळं वर येतं. सासूबाईंनी माझं अंथरूण आणून टाकलं आणि मागे न बघता निघून गेल्या. गरम भिंतीची खोली हा त्यांनी मला दिलेला मान होता. तो मी त्यांच्या देखत परत केला होता. त्यांना लागलं हे मला दिसत होतं, पण समजूत काढायला माझ्याकडे वेळ नव्हता.

तो सगळा दिवस मी झगडले. तळवे चोळले, पाठ चोळली, पाय पुसले. ती डोळा किलकिला करायची, चार घोट घ्यायची आणि परत झोपेत जायची. दुसरी बाजू, दोन घोट, गेली. मी तिच्या कानाशी बोलत होते. उठ ना गं, बघ ना माझ्याकडे, एकदा तरी बघ. कधी कुणासाठी जीव इतका तुटला नव्हता, आणि ती तर माझ्या मांडीवर होती. ती हातात असून मला तिची आठवण येत होती. मला तिची भूक हवी होती. तिनं मुठी आवळून, लालबुंद होऊन माझ्यावर चिडायला हवं होतं.

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मी कुजबुजतेय. बाळाला जागं करायला बसलेली बाई मी, आणि ते काम कुणाची झोपमोड होणार नाही अशा बेतानं करत होते. खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं, आणि मी माझ्याच लेकीशी चोरासारखी बोलत होते. मला माझाच राग आला. माझी आई आम्हाला उठवायची ती हाक शेजारच्या गल्लीत जायची. मी श्वास घेतला आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "उठ गं बये. दूध प्यायचंय."

लग्नानंतर त्या घरात मी इतक्या जोरात पहिल्यांदाच बोलले. मुलीनं डोळे उघडले. नुसते किलकिले नाही, उघडले. माझ्या तोंडाकडे बघितलं, हा कोण आवाज, अशा कपाळाला आठ्या घालून. मी तिला लगेच छातीशी घेतलं. घुटका, घुटका, थांबणं, परत घुटका. मी मोठमोठ्यानं बोलतच राहिले, काय वाटेल ते. कारखान्यातल्या पेट्यांबद्दल, तिच्या मामाच्या फजितीबद्दल.

दार उघडलं. नवरा, डोळे अर्धे मिटलेले, केस विस्कटलेले. आता हा काहीतरी बोलणार म्हणून मी तयारच होते. तो आत आला, अंथरुणाच्या कडेला बसला आणि तिचा एक तळवा आपल्या खरखरीत बोटांनी चोळायला लागला. थोड्या वेळानं तोच बसल्या बसल्या घोरायला लागला, पण बोट हलत होतं. मी आणि मुलगी दोघी जाग्या आणि तो झोपलेला, असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. हातात थंड पाण्याची वाटी आणि मऊ फडकं. माझ्या शेजारी बसल्या, फडकं भिजवलं, पिळलं, आणि ते बाळाच्या पायाशी नेऊन हात तसाच धरून ठेवला. फडक्यातलं पाणी त्यांच्याच पदरावर गळत होतं.

"मला नाही गं जमत," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर सगळ्यांच्या झोपा राखल्या. झोपलेल्याला उठवायला हात पुढे होत नाही."

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं. मला त्यांचा राग उरला नव्हता. तुम्ही चमच्यानं पाजा, मी म्हणाले, आणि त्यांनी ते काम इतकं निगुतीनं केलं की एक थेंब सांडला नाही. पण मुलगी उठवल्याशिवाय उठत नव्हती. प्रत्येक वेळी मीच, प्रत्येक वेळी तेच झगडणं. लंगोट जास्त ओले होत होते ही एक आशा. तरी मला वाटायचं, हे दूध मी तिच्यात ओततेय. ती ते घेत नाहीये.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्सबाई यायच्या होत्या. त्या आल्या, काटा वर सरकला होता, भरती टळली, हे सगळं झालं. पण मला निकाल दुपारीच कळला होता.

दुपारी मी तिला पाजलं, शेजारी ठेवलं आणि नुसतं टेकावं म्हणून टेकले. दोन दिवसांची जागरणं अंगात होती. कधी डोळा लागला कळलंच नाही. झोपेतच मला कुठूनतरी एक आवाज ऐकू यायला लागला, फाटका, चिडका, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मला वाटलं, गॅरेज. मला वाटलं, बंद करा रे कोणीतरी. आणि मग मी ताडकन उठून बसले, कारण पाजायची वेळ उलटून गेली होती, आणि मी झोपले होते.

पांघरूण लाथेनं बाजूला पडलं होतं. मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद, हनुवटी थरथरतेय. ती रडत होती. तळवा कुणी चोळला नव्हता, फडकं कुणी लावलं नव्हतं, हाक कुणी मारली नव्हती. मान इकडून तिकडे फिरवत ती मला शोधत होती आणि मी सापडत नाही म्हणून संतापली होती.

 मी तिला उचललं आणि तिनं स्वतःच तोंड मारलं, इतक्या जोरात की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडणं एकदम थांबलं. फक्त घुटके ऐकू येत होते, एकामागून एक, न थांबता.

आतल्या खोल्यांची दारं धडाधड उघडली. सासरे, नवरा, सगळ्यांत पुढे सासूबाई, केस सुटलेले, पायांत चप्पल एकच. तिघंही दारात येऊन उभे राहिले. माझ्या मांडीवर बघून सासूबाईंचा चेहरा पडला.

"थांबली होय?" त्या म्हणाल्या. "मी झोपेत होते गं. मला नीट ऐकूच नाही आलं."

"आता येईल, आई," मी म्हणाले. "रोज येईल."

त्या हलल्या नाहीत. दारातच खाली बसल्या, वाट बघत.