पाटाएवढी कोरी जागा

पौषाचे ऊन कारवारच्या किनाऱ्यावर कोवळे होऊन उतरते. काळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पाणी आधी रुपेरी, मग जांभळे, मग मोराच्या मानेसारखे गर्द निळे होत जाते. आणि सुरूंच्या रांगा त्या निळाईकडे पाहत मंद शीळ घालतात.

त्याच वाळूवर, त्याच दिवसांत, महोत्सव भरतो. मांडव उभे राहतात, पताका फडफडतात, मृदंगावर थाप पडते, पैंजणे झणकारतात. आणि या साऱ्यावरून वाहत राहतो तळलेल्या इसवण मासळीचा, कोकमाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा खमंग, खारट, सर्वव्यापी गंध.

त्या गंधाच्या मुळाशी बारा वर्षे कुमुदिनी माजाळीकर बसली होती. सासरच्या स्टॉलवर, तव्यापुढे. बारा महोत्सव तिने ऐकले. पाहिला एकही नाही. तिच्या आणि नृत्याच्या मध्ये धूर होता. तिच्या आणि समुद्राच्या मध्ये धूर होता.

यंदा तिने रांगोळीच्या स्पर्धेत नाव दिले. कुणाला न विचारता दिले, आणि मग सांगितले.

सासूबाई, रत्नाबाय, मासळीला मसाला चोळता चोळता म्हणाल्या, "काढ हो. पण पाचाच्या आत चुलीपाशी ये. सांजेची गर्दी मला एकटीला आवरायची नाही."

सकाळी ती पंधरा फुटी चौथऱ्यावर उतरली. भोवती दोरी, वाऱ्याच्या बाजूला कनात, ओंजळीत रंग. शेजारच्या चौथऱ्यांवरच्या शिकलेल्या मुली दूरच्या कोपऱ्यापासून काढत काढत मागे सरत होत्या. कुमुदिनीला कुणी शिकवले नव्हते. तिची कला उंबऱ्यावरची. उंबऱ्यावर हाक कधीही येते: दूध उतू चाललंय, नळ आलाय, ह्यांचा डबा. म्हणून ती आधी कडा काढी, मग आत शिरे; अर्ध्यावर उठावे लागले तरी रांगोळी पुरी दिसावी म्हणून. आजही तिचे हात त्याच वाटेने गेले.

तिने समुद्र काढला. कडेला फेनशुभ्र, मग पाचूसारखा, मग नीलमण्यासारखा, मग आणखी खोल, आणखी खोल. लाटेवर लाट बोटांतून झरत होती. मृदंग तिला ऐकू आला नाही. ऊन कळले नाही. भूक कळली नाही.

पाच वाजता तिने मान वर केली, आणि तिला कळले. चारी दिशांना समुद्र होता. तिच्या तळव्यांखाली पाटाएवढी कोरी जागा उरली होती, आणि त्या पाटाएवढ्या जागेत ती.

दोरीपाशी तिचा नवरा उभा होता. "कुमुद, चल गो. माणसं ताटकळलीत."

"येऊ कशी?"

दिगंबरने चौथरा पाहिला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग तो मांडवांकडे निघून गेला.

दोरीपाशी बसलेला स्वयंसेवक म्हणाला, "परीक्षक सातला येतील. ते बघून गेले की वरून फळ्या टाकून तुम्हाला बाहेर काढू. तोवर बसा, वहिनी."

सातला! तिने गुडघे छातीशी घेतले. माणसे येत, वाकून पाहत, "अगो बाय, खरंच पाणी!" म्हणत आणि पुढे जात. ज्याला कुणी पाणी म्हणत होते त्याच्या मध्यावर तिचा घसा कोरडा पडला होता. पायांना मुंग्या आल्या. पाय पसरायला जागा नव्हती. पसरला असता तर एक लाट मोडली असती.

दिगंबर परत आला तो मांडवाचा लांब वेळू घेऊन. टोकाला सोलकढीची बाटली बांधलेली. थरथरत, तोल सावरत तो वेळू निळाईवरून तिच्यापर्यंत पोहोचला. ती प्याली. बारा वर्षांत त्याने तिच्या हातात आणून दिलेली ही पहिलीच गोष्ट. तिने त्याच्याकडे पाहिले. तो मान फिरवून वेळू मागे ओढून घेत होता.

सूर्य पाण्याकडे झुकला तेव्हा रत्नाबाय स्वतः आल्या. पीठ माखलेला पदर, कपाळावर घाम, आणि उजव्या हाताला गुंडाळलेले ओले फडके.

"हाताला काय झालं, आई?"

"तेल उडालं." त्या बराच वेळ रांगोळी पाहत राहिल्या. "मध्ये काय काढणार होतीस?"

"होडी."

"मग काढ की."

"होडीच्या जागेवर मीच बसलेय."

रत्नाबाय हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर कुमुदिनी सातपर्यंत बसली असती, दगडासारखी, देवळातल्या मूर्तीसारखी. त्या फक्त म्हणाल्या, हळू, लाजल्यासारख्या, "मला होत नाही गो आता."

आणि वळून चालू लागल्या.

कुमुदिनी उठली. तिने साडी घोट्यांवर खोचली. स्वयंसेवक ओरडला, "वहिनी, नको! एक तास!"

चवड्यांवर ती चालली नाही. अंग चोरले नाही. पहिले पाऊल तिने पूर्ण टेकवले, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, सर्वांत खोल निळ्यावर. दुसरे नीलमण्यावर. तिसरे पाचूवर. चौथे फेसावर. गर्दीतून एक दीर्घ, दुखरा उसासा उठला, आणि ती दोरीखालून वाकून बाहेर आली.

डावीकडे स्टॉल होता. धूर, ताटे, माणसांचे हात.

"इकडे गो," दिगंबर म्हणाला.

"पाय धुऊन येते."

"बादली आहे तिथं."

"येते," ती म्हणाली, आणि उजवीकडे वळली.

ओल्या वाळूवर ती घोटाभर पाण्यात थांबली. थंड, खारट, संध्यारक्त पाणी आले, तिच्या तळव्यांखालचा रंग सैल करून घेऊन गेले. पुन्हा आले. तळवे केव्हाच स्वच्छ झाले होते. मागून हाक आली: कुमुद! तिने ऐकली. जायचे होते, ती जाणारच होती. समोर बिनधुराचा, बिनदोरीचा, अपार समुद्र काळवंडत होता. आणि ती उभी होती, अजून एक लाट, अजून एकच लाट.