चापड्याचा रंग

वर्षाने बुटाची नाडी सोडून पुन्हा आवळली. बूट चेतनचे जुने होते. पुढे चिंध्या कोंबूनही पाय आत हलत होता. तिच्या सासूबाई, सरलाबाई, कणकेने माखलेले हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“रातले रानमां काय शे, बाई?”

“मलाही ठाऊक नाही, आई. हे म्हणाले चल, म्हणून निघाले.”

सरलाबाईंनी गॅलरीकडे पाहिलं. खाली डिंडोलीच्या गल्लीत चेतन मोटरसायकल पुसत होता. त्या पुढे झाल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “त्याले इचार, कलर किचनमां काबर जास नही. आमले सांगस नही, तुले सांगी.”

वर्षाने मान हलवली. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं आणि या घरात दुसरा विषयच नव्हता. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या ज्या मिलमध्ये चेतन कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात होता, तिथे छपाईचे रंग कालवायच्या खोलीचा, म्हणजे कलर किचनचा, हेड म्हणून शेठनं त्याला नेमायचं ठरवलं होतं. चेतन नको म्हणाला. का नको, ते सांगेना. वडील बोलायचे बंद झाले. वर्षाने एकदा विचारलं तेव्हा तो भिंतीकडे बघत म्हणाला होता, “शनिवारी डांगच्या रानात चल माझ्यासोबत. तिथे सांगतो.”

डांगात तो महिन्या-दोन महिन्यांनी जायचा. साप, सरडे, बेडूक बघायला. लग्न ठरवताना हे कोणी सांगितलं नव्हतं.

बारडोली आणि व्यारा मागे पडेपर्यंत तो काही बोलला नाही. लिंबायतला आईबापाच्या घरी असताना ती साड्यांच्या मॅचिंगच्या दुकानात काउंटरला होती. गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याने तोंड उघडायच्या आत तिला कळायचं. या माणसाचं मात्र तिला काहीच कळत नव्हतं.

कॅम्पवर मगन वाट बघत होता. तो तिथलाच, पन्नाशीचा, रानात माणसं फिरवायचं काम करणारा. वनखात्याची परवानगी त्यानेच काढून ठेवली होती. त्याने दोघांना एकेक टॉर्च दिला आणि वर्षाला बजावलं, “भाभी, माझ्या मागं मागं. हात कुठं टेकायचा नाही.”

पाऊस दुपारीच थांबला होता, तरी पानांवरून पाणी ठिबकत होतं. किड्यांची किरकिर एवढी, की आधी तिला वाटलं जवळपास एखादा यंत्रमाग चालू आहे. आणि इथे, त्या काळोखात, चेतन बोलायला लागला. घरी जेवताना मीठ हवं असेल तरी ताटाकडे बोट दाखवणारा हा माणूस, झाडाची साल कशी बघायची, पानाखाली टॉर्च कसा धरायचा, सगळं उत्साहाने सांगत होता. वर्षा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“हा बघ.” एका पानावर अंगठ्याएवढा बेडूक बसला होता. “कसला रंग आहे गं याचा?”

“हळदी. पोटाकडे फिकट.”

“हळदी,” तो स्वतःशीच म्हणाला.

पुढे सालीला चिकटलेली एक पाल दिसली. तेव्हाही तोच प्रश्न. “राखाडी, वर विटकरी पट्टे,” ती म्हणाली. मग एका नाकतोड्यालाही त्याने सोडलं नाही. टॉर्च याच्या हातात, उजेड याचा, आणि रंग मी सांगायचे? तिला वाटलं, चेष्टा चाललीय. मग आठवलं, बघायला आला तेव्हाही त्याने एवढंच विचारलं होतं, की दुकानात सगळे रंग ओळखता येतात ना. तेव्हा तिला ते गोड वाटलं होतं.

“तुम्ही माझी परीक्षा घेताय का?”

“नाही गं,” तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

ओढ्याकाठी बांबूच्या हिरव्या बेटापाशी तो एकदम थांबला. “मगनभाई, चापडा.”

मगनला दिसेना. वर्षालाही दिसेना. हिरव्या पानांत हिरवी पानंच होती. चेतनने टॉर्चचा झोत स्थिर धरला, “फांदीला फांदी चिकटलीय, तिथे बघ. तिकोनी डोकं,” आणि मग ते सगळं एकदम सुटं झालं: हिरवा, जाड, निवांत गुंडाळून बसलेला साप.

“याला नेहमी आधी दिसतो,” मगन म्हणाला. “विषारी आहे हां, भाभी. लांबूनच.”

फोटो काढायला नीट कोन मिळावा म्हणून चेतन दोन पावलं मागे सरकला आणि खाली बसला. तिथे एक वाळलेलं बेट आडवं पडलेलं होतं, तांबूस-तपकिरी पानांचा नुसता ढीग. तोल सावरायला त्याने त्यावर हात टाकला. हाताशेजारीच, वीतभर अंतरावर, त्या वाळल्या पानांवर दुसरा चापडा होता. नव्या साडीच्या काठासारखा पोपटी. आंधळ्यालाही दिसेल असा.

चेतनने त्याच्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं, टॉर्चही तिकडे फिरला. आणि हात आणखी पुढे सरकवला.

वर्षाने त्याची कॉलर धरून जोरात मागे ओढलं. दोघंही चिखलात पडले. सापाने डोकं उचललं, थोडा वेळ तसंच धरलं आणि मग तो पानांखाली सरकत गेला.

“दिसला नाही तुम्हाला?” तिचा आवाज चिरकला. “एवढा समोर!”

चेतनचा श्वास फुलला होता. मगनने टॉर्च दुसरीकडे वळवला आणि काहीतरी बघायचं असल्यासारखा ओढ्याकडे निघून गेला.

हिरव्यातला हिरवा याला दिसतो आणि तपकिरीवरचा पोपटी दिसत नाही. वर्षाने हे मनात उलटसुलट करून पाहिलं. दुकानात कधीतरी एखादा पुरुष बायकोने दिलेला नमुना हातात धरून लाल आणि हिरव्या फॉलच्या मधोमध नुसता उभा राहायचा आणि शेवटी म्हणायचा, तुम्हीच द्या बघून.

“तो साप कुठल्या रंगाचा होता?” तिने विचारलं.



“पानांच्याच,” चेतन म्हणाला. “मला सगळं तसंच दिसतं. आकार दिसतात. हिरवं कुठलं, तांबडं कुठलं, नाही कळत. पहिल्यापासूनच.”

“आईंना?”

“कोणालाच माहीत नाही. कलर किचनमध्ये गेलो तर पहिल्याच दिवशी कळेल सगळ्यांना.”

वर्षाने कोपरावरचा चिखल पुसला. तो निघत नव्हता, तरी ती पुसत राहिली.

“म्हणून पसंत केलीत मला? रंग ओळखते म्हणून?”

त्याने नाही म्हणायला हवं होतं. तिला तेच ऐकायचं होतं.

“आधी त्यासाठीच,” तो म्हणाला.

तिला संताप आला. पण तो धरून ठेवावा तर हातात राहीना. याने आपल्याला फसवलं, की जगात एकट्या आपल्याच हवाली हे केलं? दोन्ही खरं वाटत होतं, आणि दोन्ही एकत्र कसं खरं असेल ते तिला कळत नव्हतं. ती उठली. त्याला उठायला हात मात्र दिला नाही. तो आपला आपण उठला.

“घरी सांगायचं,” ती चालता चालता म्हणाली, “वर्षा नको म्हणते. कपड्यांना केमिकलचा वास येतो, तिला सोसत नाही.”

“आई तुझ्यावर चिडेल.”

“चिडू देत.”

हे आपण का बोललो, तिलाच समजलं नाही.

मगनने पुढून हाक मारली. एका बारीक फांदीच्या टोकाला घोयरा सरडा झोपला होता, शेपटीची गुंडाळी करून. टॉर्चच्या झोतात तो फिकट, जवळजवळ पांढरा होऊन उजळला होता. उजेड पडता क्षणी तो वर्षाला दिसला.

चेतन हात मागे बांधून उभा होता. या वेळी त्याने काही विचारलं नाही.

“कुठाय?” वर्षा म्हणाली. “मला तर नुसती फांदीच दिसतेय.”

तो जरा घुटमळला. मग शेजारी आला, तिचं मनगट धरलं आणि तिचं बोट अंधारात हळूहळू वर नेऊ लागला.

“ही शेपटी. इथून पाठ. आता डोकं... दिसलं?”

“नाही,” ती म्हणाली. “परत दाखवा.”