देवकाबाईचा होकार

लाखनीजवळ हायवेला लागून जुन्या गाड्यांचं एक आवार होतं. दर गुरुवारी तिथे मंडईसारखी गर्दी व्हायची. गाडी घेणारे थोडे, पाहणारे फार. ट्रकवाले ट्रक बाजूला लावून उतरायचे, शेतावरून परतणाऱ्या बाया कुंपणाशी थांबायच्या. कारण त्या आवारात गाडी बोलायची.

तिला बोलतं करायचे वाहननाथ महाराज. भगवी लुंगी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि गळ्यात रुद्राक्षांच्या मधेमधे ओवलेले स्पार्क प्लग. ते सांगायचे, "बेटा, इंजिन म्हणजे पिंड, पेट्रोल म्हणजे प्राण, आणि सायलेन्सरातून निघतो तो अहंकार." लोक मान डोलवायचे. अहंकाराचा वास त्यांनी घेतलेलाच होता.

रीत अशी होती. गाडीची चावी हळदीकुंकवाच्या ताटात घालून ताट सगळ्यांसमोर बॉनेटवर ठेवायचं. कोणी हात लावायचा नाही. महाराज घेणाऱ्याच्या घरच्या मेलेल्या माणसाला नावाने हाक मारायचे आणि विचारायचे, गाडी पसंत आहे का? होकार असला की गाडीचे चारही दिवे लपकायचे, म्हणजे क्षणभर पेटून विझायचे, आणि आतून टूक टूक आवाज यायचा.

नदीकाठच्या कारधा गावचे श्यामराव त्या गुरुवारी आवारात उभे होते. त्यांची बायको देवकाबाई जाऊन वर्ष व्हायचं होतं. तेव्हापासून श्यामरावांना फारसं काही वाटत नसे. ताटात वाढलं तर जेवत, नाही वाढलं तर तसेच बसून राहत. धान कापून झालं तेही त्यांना दुसऱ्याने सांगितलं होतं. एक भीती तेवढी जागी होती. मुलगी हर्षा लाखनीच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि रोज स्कूटीने हायवेवरच्या ट्रकांमधून जायची. तिच्या भोवती चार पत्रे असावेत, एवढ्यासाठी त्यांना गाडी हवी होती.

आधी ते एकटेच येऊन एक पांढरी गाडी पाहून गेले होते. आवाराचा मालक प्रफुल्ल याने चहा पाजला, घरचं विचारलं. श्यामराव सांगून बसले, की त्यांच्या घरात बैल असो की स्वयंपाकाचा गंज, देवकाबाईच्या होकाराशिवाय कधी काही आलं नाही. प्रफुल्ल म्हणाला होता, मग तिलाच विचारू.

आज हर्षाही सोबत होती, आणि ती पांढरी गाडी धुऊनपुसून उभी होती. चारही दारांशी लोभानाचा धूर चालला होता. पूजेआधी बॉनेटचं झाकण उघडायचं नाही आणि पायाखालची चटई उचलायची नाही, असा महाराजांचा दंडक होता. तसं केलं तर वाहनलक्ष्मी उघडी पडते म्हणे.

महाराजांनी हात वर केला. "देवकाबाई, तुह्या घरधन्यानं गाडी पाह्यली आहे. पसंत आहे का?"

दिवे लपकले. टूक टूक.

गर्दीने हात जोडले. कुंपणापाशी एका म्हातारीने पदर डोळ्याला लावला. श्यामराव उभेच. बधिर झालेला पाय हलवून पाहावा तसं त्यांनी स्वतःला आतून हलवून पाहिलं. काही वाटलं नाही. फक्त एक गोष्ट मनाला पटेना. देवकाबाई एका विचारण्यात कधी हो म्हणाली नव्हती. बाजारात ती वांगी देठापासून फिरवून पाहायची. लुगड्याचा काठ उलटा करायची. गंज घ्यायचा तर दुकानातच त्यात पाणी भरून तळाशी हात धरून बसायची, दुकानदार कावला तरी. आणि ही गाडी तिने दारही न उघडता पसंत केली?

ते हर्षाकडे वळून हळूच म्हणाले, "तुही माय इतक्या लवकर हो म्हणते का?"

हर्षाची नजर मघापासून प्रफुल्लवर होती. दिवे लपकले तेव्हा त्याचा उजवा हात पॅन्टच्या खिशात होता. तिने त्याला विचारलं, गाडीला दोन चाव्या असतात, दुसरी कुठे आहे? जुन्या मालकाने हरवली, असं त्याने सांगितलं. मग हर्षा महाराजांकडे गेली. म्हणाली, आमच्या आत्याचाही होकार घ्या, ललिताबाई नाव तिचं, तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

महाराजांनी डोळे मिटले. "ललिताबाई, ज्या लोकी असशील तिथून बोल."

दिवे लपकले. या वेळी दोनदा.

हर्षाने मोबाईल काढला, आवाज मोठा केला.

"आत्या, कुठं आहेस?"

"कुठं म्हणजे? घरी. भाजी निवडून राह्यली. काहून?"

"इथले महाराज म्हणते, तू वरून बोलली."

पलीकडून आवाज आला, "दे बरं त्याले फोन."

गर्दीत हसू फुटलं. महाराजांनी फोन घेतला नाही. जिवंत माणसाचाही आत्मा झोपेत फिरतो, असं काहीतरी ते सांगू लागले. भाजी निवडताना फिरतो का, असं कोणीतरी मागून विचारलं.

हर्षाने प्रफुल्लला दोन्ही हात बॉनेटवर ठेवायला सांगितलं आणि महाराजांना पुन्हा हाक मारायला लावली. महाराजांनी देवकाबाईला हाक मारली, ललिताबाईला मारली. गाडी मुकी. अंकुश नावाचा एक ट्रकवाला पुढे आला. त्याने प्रफुल्लच्या खिशातून दुसरी चावी काढली आणि तिच्यावरचं बटन दाबलं. टूक टूक.

"घ्या," तो म्हणाला, "माह्या बकरीचाबी होकार आला."

लोक हसत होते, तेवढ्यात श्यामरावांनी गाडीचं दार उघडलं. त्यांनी चटई उचलली. खालचा गालिचा ओढला. पत्र्याच्या खाचेत वाळलेला गाळ बसला होता, नदीकाठच्या माणसाला ओळखायला वेळ लागत नाही असा. मग त्यांनी सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ होता, शेवटचा हात-दीड हात भाग मातकट.

हर्षाने लोकांना समजावून सांगितलं. ही गाडी कुठल्यातरी पुरात बुडून आलेली आहे. अशा गाडीच्या तारा आतून कुजतात. ती सुरू होते, चार महिने चालतेही. पण ठोकर बसली की एअरबॅग उघडेल याचा भरवसा नसतो. कुबट वास दबावा म्हणून लोभान, गाळ दिसू नये म्हणून चटईचा नियम, गंज दिसू नये म्हणून झाकणाचा. सगळा चमत्कार एवढ्यासाठीच, की घेणाऱ्याने पाहू नये.

महाराज तोवर चहाच्या टपरीमागे गेले होते. प्रफुल्ल म्हणत होता, की आपल्यालाही गाडी अशीच मिळाली. लोक पांगायला लागले. ती म्हातारी मात्र श्यामरावांजवळ आली.

"भाऊ, खोटं तं खोटं. पण बाई बोलली असं वाटून तुमाले घडीभर बरं वाटलं असतं न? ते कायले मोडलं?"

श्यामरावांनी पट्टा सोडला. तो सरसर आत गेला.

"मले बरं वाटलं असतं बाई, अन् गाडीत पोरगी बसली असती," ते म्हणाले. मग त्याच आवाजात म्हणाले, "गाडी घ्याची असन तं चटई उचला, पट्टा ओढा, दोन्ही चाव्या मागा, आपला मिस्त्री संगं न्या. खऱ्या मालाचा मालक पाहू देते."

म्हातारीने मान हलवली, पण ती गेली नाही. तिला अजून काहीतरी ऐकायचं होतं.

"मेलेलं माणूस बोलत नाही," श्यामराव म्हणाले. "मी घरी रोज कान देऊन बसतो. त्याच्या नावानं कोणी बोललं तं समजायचं, जितं माणूस बोलून राह्यलं. त्याच्या खिशात पाहायचं."