माझ्याखालची सतरा घरं

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे आणि फोटोचीही नव्हे. नकाशे बनवायच्या संगणकात पानावर एक मोठी चौकट असते, तिच्यात सगळं शहर मावतं. तिच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट बसवतात, एखादा दाटीवाटीचा भाग मोठा करून दाखवायला. ती छोटी म्हणजे मी.

मला आखलं नगरपालिकेतल्या नकाशेवाल्या बाईंनी. माझ्या पोटात त्यांनी बाजारपेठ बसवली, बोळ न् बोळ. आता मला ठेवायचं कुठे? नदीकाठच्या कोपऱ्यात नुसता माळ होता. "इथे काही नाही. बस इथे गपचूप," बाई म्हणाल्या, आणि चुकून धक्का लागून सरकू नये म्हणून त्यांनी मला जागच्या जागी कुलूपबंद केलं. साहेबांनी छापलेलं पान डोळ्यांजवळ नेलं. "वा, बाजार आता चष्म्याशिवाय दिसतो," म्हणाले. मी अशी काही फुगले म्हणता!

अकरा वर्षं माझं कौतुक चाललं. बाई दरवर्षी नवी घरं नकाशात भरत. पण घरं काढायचा पडदा वेगळा आणि छपाईचं पान वेगळं. घरं काढताना आम्ही छोट्या चौकटी समोर नसतोच. आम्ही असतो फक्त पानावर, आणि तिथे सगळ्यांच्या वर.

माळावर हळूहळू वस्ती झाली. सतरा घरं. शेवटचं घर बाईंच्या दादाचं. वहिनींचा फोन आला, "आमचं घर आलं का गं नकाशात?"

"आत्ताच काढलं, वहिनी. पुढच्या पायऱ्यांसकट."

बाई खोटं बोलत नव्हत्या. घर काढलेलं होतं, आणि त्यावर मी पाय पसरून बसले होते. खालच्या रेषा मला कळत होत्या, पण मला बोलता कुठे येतं? पान छापलं गेलं, सही झाली, मला उचलून कोणी पाहिलं नाही.

त्याच वर्षी नदीला पूर आला. होडीवाल्यांच्या हातात तेच पान होतं. एकेक गल्लीवर फुली मारत ते दिवसभर माणसं काढत होते. संध्याकाळी त्यांचा मुकादम कचेरीत आला.

"पानावरची सगळी घरं झाली, बाई."

"नदीकाठची नवी वस्ती? माझा दादा राहतो तिथे."

मुकादमाने ओला कागद पुढे केला. "तिथे तर तुमची ही चौकट आहे."

बाईंनी फाइल उघडली, कुलूप काढलं आणि मला बाजूला ओढलं. खालून सतरा घरं निघाली. त्यांनी ते पान पुन्हा छापून मुकादमाच्या हातात दिलं. होड्या पुन्हा निघाल्या, नदीकाठच्या वस्तीकडे. सोळा घरांतली माणसं गच्च्यांवर सापडली. दादा पाण्याच्या टाकीला धरून होता. वहिनी दुपारीच त्याच्या हातातून सुटल्या होत्या. सकाळच्या फेरीत होडी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडूनच वळली होती.

दादा बाईंना एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

आता मी बंद आहे. संगणकातल्या चौकटींच्या यादीत माझं नाव आहे, पण त्यापुढची, मला पानावर दाखवणारी खूण काढून टाकलेली आहे. नवे साहेब म्हणाले, "ही कशाला ठेवलीय? पुसून टाका." बाई म्हणाल्या, "राहू दे, साहेब." छपाईआधी त्या प्रत्येक चौकट हलवून खाली बघतात. कधीकधी मलाही उघडतात, माझ्या जुन्या कोपऱ्यातून बाजूला सारतात आणि पायऱ्यांच्या त्या घराकडे बघत बसतात. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी नकाशा येईल. आम्हाला जागा जरूर द्या, पण दरवर्षी एकदा उचलून खाली बघा. मी बसले तेव्हा तिथे खरंच काही नव्हतं. वहिनींनी विचारलं होतं, घर आलं का म्हणून. आलं होतं हो. माझ्याखाली होतं.